अण्णांच्या कीबोर्डातली नागमोडी

६ ऑक्टोबर, सोमवार

कीबोर्ड मेला! पुरता नाही – अर्धा. आणि अर्धं मेलेलं यंत्र पुरत्या मेलेल्यापेक्षा जास्त छळतं.

सकाळी अण्णांनी त्यांच्या खोलीतून टाइप केलं. हॉलमधल्या कॉम्प्युटरवरची बाई म्हणाली, "च ह." थांबली. मग नुसतंच, "ह." आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय म्हणत्यात? त्या बयेला म्हणावं नीट बोल, नायतर गप बस!" चहा हवा होता. तो येईपर्यंत अण्णांनी कॉटच्या दांडीवर वाटी आपटून आपटून वात आणला.

घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं, तेव्हापासून हा बिनतारी कीबोर्ड म्हणजे अण्णांचा आवाज. ज्या माणसाने उभी हयात विंचूरच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारले, ज्याची हाक शेवटच्या ट्रॉलीपर्यंत जायची, तो आता गळ्याला पांढरं फडकं बांधून कॉटवर बसतो आणि बोटांनी बोलतो. उघड्या दारातून त्यांना हॉलमधला स्क्रीन दिसतो. अक्षरं मी चांगली ढब्बू करून ठेवलीत. एंटर दाबला की स्पीकरमधून बाई वाचून दाखवते. पुरुषाचा आवाजही होता, पण अण्णांनीच नको म्हटलं. "लोक म्हणतील सावळीरामचाच आवाज असा रडका झाला. त्यापरीस बाई बरी." आईला ते अजून पचलेलं नाही. "माझ्या नवऱ्याच्या तोंडून परकी बाई बोलती!" हे ती दिवसातून एकदा तरी म्हणतेच.

आणि तीन नोव्हेंबरला तपासणी. मागच्या वेळी डॉक्टर प्रश्न अण्णांना विचारायचे आणि उत्तरं मी द्यायचे – झोप लागते, जेवण जातं, खोकला नाही. अण्णा माझ्याकडे बघत बसले होते. घरी आल्यावर बाईकडून वदवून घेतलं: "निके, दुखतं मला आन सांगती तू. पुढल्या टायमाला मी बोलणार." मी शब्द दिलाय. कीबोर्ड आणि माझ्या चष्म्याच्या दुकानातला लॅपटॉप घेऊन जायचं, डॉक्टरांशी अण्णाच बोलतील. एक शब्द मी बोलणार नाही.

आणि आता हे!

७ ऑक्टोबर

सेल बदलले. काही नाही. दुसऱ्या दुकानातून सेल आणले. काही नाही. कॉम्प्युटरला खोचलेलं ते नखाएवढं डोंगल काढलं, पुसलं, परत लावलं. आई म्हणाली, "फुंकर मार." मारली. काही नाही!

८ ऑक्टोबर

दुकानातून आल्या आल्या प्रयोग. कीबोर्ड कॉम्प्युटरला चिकटवून ठेवला की एखादं अक्षर गाळून का होईना, बोलतो. हॉलच्या मध्यात नेला – अडखळतो. दाराशी नेला – बोबडा. कॉटवर – ठार मुका.

म्हणजे बटणं ठीक. सेल ठीक. बोलतोय तो, पण ऐकू जात नाहीये. हे कळल्यावर मला एकदम बरं वाटलं. का बरं वाटावं? काहीच तर दुरुस्त झालं नव्हतं. पण आता त्या "बिघडलाय"चं एक काहीतरी टोक हातात आलं.

अण्णा तोवर पाटीवर आलेत. माझ्या लहानपणीची नाही हो, आईने भाजीवालीकडून मागून आणली. तिच्यावर "चहा", "पंखा", "टीव्ही बारीक". एवढंच. पाटीवर माणूस भांडू शकत नाही.

९ ऑक्टोबर

आईशी कडाक्याचं भांडण!

झालं काय, कीबोर्ड उलटा करून झटकला, तर बटणांच्या फटीतून कुंकू पडलं. दसऱ्याला आईने सगळ्या हत्यारांची पूजा केली होती – विळी, कात्री, माझे दुकानातले बारके स्क्रू-ड्रायव्हर, आणि पाटाच्या मधोमध कीबोर्ड! "त्यांचं हत्यार हाय ते." हळद, कुंकू, झेंडूचं फूल, वरून पळीतलं पाणी. मी तेव्हा फोटो काढून हसले होते. आज नाही हसले.

"विजेच्या वस्तूवर कुणी पाणी टाकतं का?"

"दोन थेंब टाकले! आन तुझ्या अण्णांची ट्रॉली-काटा-माप सगळ्याला टाकायचे मी. कवा बिघाडलं?"

"काट्यात वीज होती का, आई?"

"तुझ्यात तरी कुठंय? तीन दिस झाले नुसती इकडून तिकडं हिंडवतीस त्याला."

अण्णा कॉटवरून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मग उठले आणि दार लावून घेतलं. आतून टकटक ऐकू आली – बोटं चालल्याची. बंद कीबोर्डवर! तसंही दार लावलं की बाई गप्पच असायची, कीबोर्ड नवा होता तेव्हासुद्धा. दाराच्या मागे लोखंडी कपाट आहे, त्याच्यापुढे कीबोर्डचा सिग्नल जातच नाही. अण्णांना ते पक्कं ठाऊक आहे. कुणाला शिव्या घालायच्या असल्या की दार लावून टाइप करायचे. आता बहुतेक आम्हाला.

१० ऑक्टोबर

नवीन कीबोर्ड आणला. अण्णांनी दोन बटणं दाबून बघितली, खोक्यात घातला, खोकं माझ्या हातात दिलं. पाटीवर: "नको. बोटाला घावत नाय."

जुन्यावरची अक्षरं मी नेलपॉलिशने रंगवली होती. म्हटलं यावरही रंगवते. मान हलवली. नको म्हणजे नको. लिलावातला माणूस, एकदा नाही म्हटलं की भाव वाढत नाही.

खरं सांगू? मलाही नको होता. नवीन ठेवून घेतला असता तर जुन्याला काय झालं ते कधीच कळलं नसतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

उघडला!!

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. चष्म्याचे स्क्रू काढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, मला वाटलं हा तर डाव्या हाताचा मळ. पण स्क्रू दिसेचनात! शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या शोएबला हाक मारली. तो आला, कीबोर्ड उलटा केला, म्हणाला, "ताई, नवा घ्या ना. ह्यात काय टाइम घालवता?" म्हटलं, नवा घेतलाय, नापास झाला. मग हसला आणि खालचे रबरी पाय नखाने उपटले. स्क्रू त्यांच्याखाली. एक लबाड तर लेबलखाली!

झाकण सावकाश उचललं. आणि आत – काही नाही! एवढं मोठं धूड आणि सगळी पोकळी. बटणांखाली एक पातळ प्लॅस्टिकचा कागद, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी हिरवी पट्टी. बस. अण्णांची सगळी बोलणी, सगळ्या शिव्या, आईची थट्टा, एवढ्याशा पट्टीतून जात होती.

कुंकू बटणांच्या खालीच अडकलेलं. पट्टीवर कणभरही नाही. आई निर्दोष. (सांगते उद्या. आज नको. आज शेफारेल.)

पट्टीच्या कोपऱ्यात तांब्याची एक रेघ दिसली. एका टोकाला जोडलेली, मग आडवी-उभी, आडवी-उभी वळणं घेत कडेपर्यंत जाते आणि – संपते! कुठेच जोडलेली नाही. मी ओरडले, "सापडलं! ही बघ तुटलीय!"

शोएब म्हणाला, "ताई, वो वैसाच असतो. तो अँटेना आहे. त्याला पुढे जायचंच नसतं."

म्हणजे एक तार अशीही असते जिला कुठेही जायचं नसतं. रात्रभर हेच डोक्यात राहणार आता.

१२ ऑक्टोबर

रविवार सगळा वाचण्यात. आईने दोनदा विचारलं, परीक्षा आहे का?

तर असं आहे. कीबोर्ड जी लाट सोडतो ती साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची. माझी वीत त्याहून मोठी! आणि तार लागते त्या लाटेच्या चतकोर – तीन सेंटिमीटर आणि वर चिमूटभर. भाकरीसारखं चतकोर! तेवढी सरळ तार ठेवायला पट्टीवर जागा नाही, म्हणून तिला साडीच्या निऱ्या घालतात तशा घड्या घालून बसवतात. तीच ती नागमोडी.

लांबी चुकली की लाट नीट सुटत नाही, म्हणे. तारेला कसं कळतं ती किती लांब आहे ते? याचं उत्तर चार ठिकाणी शोधलं. चारही ठिकाणी गणित निघालं.

अण्णांना सगळं समजावून सांगितलं. हातवारे करून, लाट दाखवून. त्यांनी शांतपणे ऐकलं. पाटीवर लिहिलं: "कांदा काय भावानं गेला आज ते सांग."

१४ ऑक्टोबर

चीर सापडली.

नुसत्या डोळ्याला दिसत नव्हती. काचेवरचे ओरखडे बघायचं भिंग लावलं, दिवा तिरका धरला, तेव्हा दिसली. पहिल्याच वळणावर, स्क्रूच्या भोकाजवळ, केसाच्या निम्म्याने बारीक. शोएबचं मीटर लावलं. चिरेच्या अलीकडे दोन काट्या टेकवल्या – टूं वाजलं. एक अलीकडे, एक पलीकडे टेकवली – गप्प.

म्हणजे चतकोरातला इवलासा तुकडा तेवढा उरला होता. त्या कुटक्यावर जेमतेम हॉलभर बोलत होता बिचारा.

आईला सांगून टाकलं की कुंकवाचा दोष नाही. "मंग?" म्हणाली. बस, एवढंच. ते "मंग?" आता दिवाळीपर्यंत पुरेल.

१५ ऑक्टोबर

शोएबचं सोल्डरिंगचं यंत्र आणि माझे हात. वाट लावली.

चिरेवरचा हिरवा थर ब्लेडने खरवडला, तांबं चमकलं, इथपर्यंत छान. मग सोल्डरचा थेंब टाकला तो आकसला, पसरला आणि तीन निऱ्या एकात एक चिकटवून मोकळा झाला. आता कॉम्प्युटरला टेकवूनही बोलेना!

शोएब म्हणाला, "ताई, चष्मा जोडायला दिला तर तुम्ही असाच जोडता?"

कीबोर्ड उचलून पिशवीत टाकला.

१७ ऑक्टोबर

जमलं!

जास्तीचा सोल्डर तांब्याच्या जाळीने शोषून घेतला, निऱ्या एकेक सुट्या केल्या, मग सुईच्या टोकाएवढा थेंब. एवढासाच. मीटर टूं! घरी आले ती पळतच. अण्णांच्या हातात कीबोर्ड दिला. आई पदराला हात पुसत हॉलमध्ये येऊन उभी.

अण्णांनी बोटं मोडली. टाइप केलं. एंटर. बाई खणखणीत बोलली:

"कुसा, सोमवारपासनं आमटीत मीठ नाय."

आईने कपाळावर हात मारला. "इतके दिस मुका होता तवा बरा होता हा माणूस!" आणि डोळ्याला पदर लावला. हसत होती का रडत होती तिचं तिला माहीत. मी मात्र रडले. वेडीच आहे मी, आमटीच्या मिठावर कुणी रडतं का?

१८ ऑक्टोबर

दिवसभर बाई चालू! टीव्हीवरच्या पुढाऱ्यांना शिव्या, आईच्या चकलीला नावं, खालच्या वॉचमनला निरोप. शेजारच्या वहिनींनी दार वाजवून विचारलं, पाहुण्या कोण आल्यात?

दुपारी जेवणानंतर मात्र दार लावून घेतलं. आतून टकटक. बराच वेळ.

चहा द्यायला गेले तेव्हा विचारलं, "दार लावून काय टाइप करता, अण्णा?"

दार उघडंच होतं आता, तर बाईने सांगितलं: "सराव."

डॉक्टरांशी बोलायचा! मला इतकं बरं वाटलं. पोरांसारखी तयारी चाललीय परीक्षेची.

२० ऑक्टोबर

पहिली अंघोळ. आईची कुरकुर – "मानेला उटणं लावू देईना. फडकं पण आता सोताच बांधतो. म्हणे ओलं व्हतं. गेल्या साली नव्हतं व्हत ते?" वय झालं की माणूस हट्टी होतो. अण्णा तर जन्मताच वयस्कर.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. पुन्हा "च ह."

आई दुरूनच म्हणाली, "मी हात नाय लावला बाई त्याला. कुंकवाचा करंडा बघ, तिथंच हाय."

२३ ऑक्टोबर

भाऊबीज, भाऊ नाही, दुकान बंद, कीबोर्ड उघडला.

माझा थेंब जागच्या जागी. मजबूत. आणि त्याच्या शेजारीच, अगदी लागून, नवी चीर! सोल्डर नाही तुटला, तांबंच तुटलं. एकदा चीर पडली तर समजू शकते. जुना झाला, पडला असेल कधी. पण तिथेच पुन्हा का? डावीकडे का नाही? खाली का नाही? काहीतरी येऊन नेमकं त्याच कोपऱ्यावर बसतंय. घरात उंदीर आहे का? आईला विचारलं. तर म्हणाली, "व्हय. चष्मा लावून येतो."

२४ ऑक्टोबर

उंदीर सापडला. साडेपाच फुटी, धोतरातला!

गॅलरीत कपडे वाळत घालत होते. अण्णांच्या खोलीची खिडकी तिथेच उघडते. दार लावून टकटक चालली होती – मेलेल्याच कीबोर्डवर, सराव तो सराव. मी चादर झटकता झटकता सहज आत बघितलं. अण्णांनी एक वाक्य टाइप केलं. डोळे मिटून जरा थांबले. एंटर दाबला. आणि लगेच उजव्या कोपऱ्यावर सप्पकन तळहाताची थाप!

चादर हातातच राहिली. बघत राहिले. दुसरं वाक्य. एंटर. थाप! तिसरं. एंटर. थाप!

मला लहानपणचं आठवलं. अण्णा ट्रॉलीपाशी उभे, भोवती व्यापाऱ्यांचा गराडा, भाव चढत चढत जायचा आणि थांबला की अण्णांची थाप पडायची ट्रॉलीच्या फळीवर. थाप पडली की सौदा झाला. मग कुणी मागे फिरायचं नाही. हजारो थापा मारल्या असतील त्या हाताने. आता फळी नाही तर कीबोर्डचा कोपरा. आणि त्या कोपऱ्याखाली, स्क्रूला आवळलेली, माझी नागमोडी!

धावत जाऊन दार उघडलं. "अण्णा! तुम्हीच! तुम्हीच तोडता!"

ते इतके दचकले की कीबोर्ड मांडीवरून घसरला. माझ्याकडे अशी नजर – चोरी पकडली गेल्यासारखी. मी म्हटलं, "थाप! थाप मारता ना प्रत्येक वाक्याला!" तेव्हा कुठे खांदे खाली आले त्यांचे. हसले. पाटी घेतली: "हात ऐकत नाय माझं."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं तुला ठाऊक हाय. आधीपासूनच मारत्यात." सगळ्या जगाला ठाऊक! मीच भिंग घेऊन बसलेली.

२५ ऑक्टोबर

हात सुधारणार नाही. आता तार बदलायची.

तांब्याची रेघ पट्टीवर चिकटलेली. पट्टी वाकली की तिलाही वाकावं लागतं, आणि तिला वाकता येत नाही. म्हणून तुटते. मग तिथे रेघ नकोच. सुटी तार लावली तर? लवचीक. थाप पडली तर हलेल, डुलेल, पण तुटणार नाही.

शोएबला विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "चालेल असं वाटतं. नाही चालली तर मी बोललो नव्हतो."

२८ ऑक्टोबर

जुन्या चार्जरच्या पोटातून केसासारखी तार काढून दिली शोएबने. लाखेचा थर असतो तिच्यावर, टोकाला जाळून खरवडला. नागमोडी जिथून सुरू होते तिथेच रेघ कापली – वाईट वाटलं थोडं, इतकी देखणी वळणं! – आणि त्या मुळाला नवी तार जोडली. जोडाजवळ बारीक वेढा सैल ठेवला, धक्का त्याने गिळावा म्हणून. बाकी तार कीबोर्डच्या पोकळीत मोकळी, सेलच्या पत्र्यापासून लांब. आत एवढी पोकळी कशाला म्हणून हसले होते. आता कामाला आली.

तार मुद्दाम जास्त लांब ठेवलीय. उद्या कापत कापत जायचं.

२९ ऑक्टोबर

आजच्यासारखा दिवस किती वर्षांत गेला नाही!

अण्णांना आईने खालच्या बागेत बसवून दिलं, नाहीतर थाप मारायला आलेच असते. मी कीबोर्ड घेऊन जिन्यात, आई हॉलमध्ये बाईसमोर. मी टाइप करायचं, बाई काय बोलली ते आईने ओरडून सांगायचं.

"काय म्हणाली?"

"शेपू!"

"बरोबर! आता?"

"गप हाय!"

तार एक तीळभर कापायची, परत खाली जायचं. पहिल्या जिन्यावर बोलणं तुटायचं ते दुसऱ्यावर तुटायला लागलं. मग तिसऱ्यावर. अजून एक तीळ. मी पार्किंगमध्ये! चारचाकीच्या मागे! वरून आईचा आवाज सगळ्या सोसायटीला: "गवार! गवार म्हणाली!" शेजारच्या वहिनी गॅलरीत येऊन म्हणाल्या, "कुसाबाई, मला पण अर्धा किलो."

अजून एक तीळ कापला आणि घात झाला, जिन्यातच तुटायला लागलं. म्हणजे नेमकी लांबी हातून गेली! नवी तार जोडली, त्याच्या तीळभर आधी थांबले. मोजली: तीन सेंटिमीटर आणि वर चिमूटभर. पुस्तकात सांगितलं होतं तेवढीच! सगळं आधीच लिहून ठेवलेलं होतं, तरी ते हाताने शोधायची जी मजा आहे ना! पेढे वाटावेत असं वाटत होतं.

आता गेटपर्यंत जातं. नवा होता तेव्हाही एवढं जात नव्हतं.

३१ ऑक्टोबर

झाकण बंद. स्क्रू घट्ट. लेबलखालचा लबाडसुद्धा.

अण्णांना दिला आणि म्हटलं, मारा थाप. मारली. अजून जोरात! मारली. बाई: "आता का कुस्ती खेळू याच्याशी?" आई म्हणाली, याच्यापेक्षा पाटीच बरी होती. त्यावर बाईने तिला काहीतरी सुनावलं, त्यावर आईने बाईला, आणि मग मीठ निघालंच. नवी तार गेटपर्यंत पोचते हे सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्या दोघांच्या भांडणात माझं ऐकतो कोण.

सोमवारी तपासणी. अण्णा बोलतील. मी भिंतीला टेकून नुसती उभी राहणार.

१ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी जेवणं झाल्यावर अण्णांनी दार लावून घेतलं. मी हॉलमध्ये फरशीवर लॅपटॉपची बॅग भरत होते. आणि दार बंद, मध्ये कपाट, तरी बाई बोलायला लागली – दुपारी मी आवाज बारीक केलेला असतो, आतपर्यंत जात नाही तो.

"निके, गळ्याला गाठ लागती हाताला."

मला वाटलं कॉम्प्युटर बिघडला.

"निके, घाबरायचं नाय. बारकी गाठ हाय. दसऱ्याच्या आधीपासून."

आत नुसती टकटक. पुसत असणार.

"निके, दिवाळी खराब नको म्हणून बोललो नाय. तुझ्या आईला तू सांग. मला जमत नाय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक. मी उठून खोलीकडे निघाले, तर तिने तसल्याच हाताने माझं मनगट धरलं.

"थांब. सांगतील ते. त्यांचं त्यांना सांगू दे."

मग तिने मला हळूच विचारलं, हा आवाज कुठून बंद करतात. मी दाखवलं. तिने स्वतः बटण फिरवलं, आणि आम्ही दोघी दाराबाहेर बसून राहिलो.